मोदकचा उपास

“मागितलं तरी द्यायचं नाही, आई. ते मागतच असतात. सकाळी चिमूटभर दाणे, तेही भिजवून. बस्स.”

भार्गवीनं हे उंबऱ्यात चपला घालता घालता सांगितलं आणि नांदेडची एसटी गाठायला ती जिना उतरून गेली. विद्यापीठात पेपर तपासायला तिला बोलावणं होतं. आवाज रोजचाच होता, वर्गात मुलांना सांगावं तसा, ना गोड ना कडू. तरी कुसुमताईंच्या कानात तो घोळत राहिला. लातूरच्या या घरात राहायला आल्यापासून सुनेनं आपण होऊन त्यांच्या हाती दिलेली ही पहिलीच गोष्ट होती.

यजमान वसंतराव गेले आणि नांदेडच्या घराला कुलूप लागलं, तेव्हा त्या आपलं देवघर पिशवीत घालून लेकाकडे आल्या. लेक मिहिर हिमायतनगरकडच्या रस्त्याच्या कामावर, महिन्यातून दोनदा येणारा. घरात दोघी. भांडण कधी झालं नाही. पण भांडण न होणं वेगळं आणि घर एक होणं वेगळं. एक ओट्यापाशी उभी राहिली की दुसरी आपसूक बाहेर यायची.

हॉलमधली काचेची टाकी मात्र निर्विवाद भार्गवीची. लांबीनं दिवाणाएवढी, आत वाळू नाही की खेळणी नाहीत, नुसतं स्वच्छ पाणी, एका कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज आणि चार गोल्डफिश. साधे नव्हेत, गोलमटोल अंगाचे, ओढणीसारख्या शेपट्यांचे. दोघी जुळ्या बहिणींसारख्या केशरी. एक काळाकुळकुळीत, डोळे बाहेर आलेला, त्याला भार्गवी ‘हवालदार’ म्हणायची. आणि चौथा मोदक. पांढरंशुभ्र गुबगुबीत अंग, डोक्यावर लाल, मऊ मुकुट. कॉलेजातून दमून आलेली भार्गवी पर्सही न ठेवता आधी टाकीपुढे वाकायची, आणि मोदक काचेला तोंड लावून अंग घुसळायचा. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे येई, ते कुसुमताईंनी एरवी कधी पाहिलं नव्हतं.

“ती टाकीला मलासुद्धा हात लावू देत नाही, आई,” मिहिर फोनवर हसला होता. “तुला दिली म्हणजे बघ.”

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं. टाकीत नळाचं ताजं पाणी कधी घालायचं नाही, त्यातलं औषध माशांना जाळतं. गॅलरीतल्या ड्रममध्ये भरून ठेवलेलं शिळंच घालायचं. जन्मभर देवापुढे शिळं पाणी न ठेवलेल्या बाईला हे जरा जड गेलं, पण त्यांनी मान डोलावली. लाइट गेली तर पंप बंद पडतो, तेव्हा मगानं टाकीतलंच पाणी उचलून वरून सोडत राहायचं, म्हणजे त्यांना श्वास मिळतो. हेही त्यांनी पाठ केलं.

एक गोष्ट मात्र सुनेला ठाऊक नव्हती, कारण त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

मिहिर चार वर्षांचा असताना तापानं बेशुद्ध झाला होता. डॉक्टरांनी आता वाट पाहा म्हणून सांगितलं, तेव्हा कुसुमताई दवाखान्यातून उठून तडक गोदावरीच्या घाटावर गेल्या होत्या आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात उभ्या राहून बोलल्या होत्या, माझ्या पोराला उठव. यापुढे माशांच्या तोंडात घास पडल्याशिवाय माझ्या तोंडात पडायचा नाही. पोरगं उठलं. तेव्हापासून रोज सकाळी कणीक मळायची, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळायच्या, एकेका गोळीवर रामाचं नाव घ्यायचं आणि त्या पाण्यात सोडायच्या. नांदेडला नदी होती. लातूरला आल्यावर त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या देवळामागची विहीर शोधून काढली. तिच्यात मासे होते. सून समजे, सासूबाई देवाला जातात.

भार्गवी गेली त्या सकाळी टाकीतल्या माशांना भिजवलेले दाणे घालून त्या गोळ्यांची डबी घेऊन विहिरीवर गेल्या, तर विहीर उपसलेली. तळाशी दोन माणसं घमेल्यानं गाळ भरत होती. मासे कुठे नेले, ते कुणालाच सांगता येईना.

त्या भर उन्हाच्या घरी आल्या. डबी हातात तशीच. हॉलमध्ये पाऊल टाकलं, तर चारही मासे काचेपाशी गोळा झाले आणि तोंडं उघडमीट करू लागले. कुसुमताई थबकल्या. टाकीतले झाले तरी मासेच ते. देवानं एक दार लावलं आणि घरातच दुसरं उघडून दिलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी डोळे मिटले, नाव घेतलं आणि नेमाच्या सगळ्या गोळ्या एकेक करून पाण्यात सोडल्या. हवालदारानं दोन-चार खाऊन तोंड फिरवलं. जुळ्यांनी थोड्या उचलल्या. उरलेल्या सगळ्या मोदकनं फस्त केल्या. मग कुसुमताई समाधानानं जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोदक उलटा तरंगत होता.

त्यांना आधी वाटलं, गेलाच. वाकून पाहिलं तर कल्ले हलत होते. पोट फुगून पाण्याबाहेर आलेलं, लाल मुकुट खाली लोंबलेला. सरळ होण्यासाठी तो एका परानं पाणी मारी, अर्धवट वळे आणि परत उताणा होई. टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ दिसत होतं.

भार्गवीनं फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी मार्कांची बेरीज मोठ्यानं वाचत होतं.

“उलटा म्हणजे कसा? पोट फुगलंय का?”

“फुगलंय. श्वास घेतोय पण.”

“जास्त काही घातलं का, आई?”

कुसुमताईंनी गढूळ पाण्याकडे पाहिलं. “तू सांगितलेस तेवढेच दाणे घातले,” त्या म्हणाल्या. शब्दाशब्दानं ते खरं होतं. बोलून झाल्यावर त्यांना आपल्याच तोंडाची शरम वाटली.

“मग या उन्हानं झालं असेल. गोल अंगाच्या माशांचं पोट असंच नाजूक असतं, खाणं अडकलं की तोल जातो. हे बघा, पाण्याच्या तीन हिश्शांतला एक हिस्सा काढा आणि ड्रममधलं शिळं घाला. आणि आता खायला बंद. मी येईपर्यंत काहीच नाही.”

“बाकीच्यांना?”

“कुणालाच नाही. त्यांना घातलं की हाही ओढतो. पोट रिकामं झालं तर वाचेल.” मागचा बेरजेचा आवाज लांब गेला. “आई, गेला तर मला लगेच फोन करू नका. माझ्यापुढे मुलांचे पेपर आहेत. घरी आल्यावर सांगा.”

त्यांनी फोन ठेवला. मग पदर खोचून त्यांनी पाणी काढलं, घातलं, तळाशी फुगून बसलेली कणीक नळीनं ओढून घेतली. ओली कणीक बोटांना लागली तशी त्यांनी ती झटकन बादलीत सोडली, कुणी पाहत नसतानाही.

आता नेमाचं काय? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलासुद्धा नाही. घास कुणाला घालता येत नव्हता, म्हणजे आपल्यालाही घास नाही. निर्जळी एकादश्या केलेलं अंग, एका दिवसानं काय होतंय. त्यांनी फक्त पाणी घेतलं. आणि रोजच्या सवयीनं शुगरचं औषध घेतलं. औषध म्हणजे काही अन्न नव्हे.

तो दिवस गेला. मोदक तसाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या विठाबाई ताकाचा तांब्या घेऊन वर आल्या. विठाबाई मूळच्या चाकूरच्या, पोराच्या नोकरीमुळे लातुरात आलेल्या, आणि जिन्यावर पाय वाजला की कोण ते ओळखणाऱ्या.

“काल देवळाला न्हाई, आज देवळाला न्हाई. म्हनलं बाई हाय का न्हाई बघावं.” मग त्यांनी कुसुमताईंकडे निरखून पाहिलं. “तोंड का असं उतरलंय? जेवलाव का?”

“मोदकला बरं नाही. त्याला उपास सांगितलाय भार्गवीनं.”

“माशाला उपास?” विठाबाई टाकीपाशी वाकल्या. “एकादशीबी धरतो का काय ह्यो? आन् त्याचा उपास तर तुमचं तोंड कशापायी सुकलंय?”

कुसुमताईंनी हळू आवाजात नेमाचं सांगितलं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. विठाबाईंनी तांब्या टेबलावर ठेवला आणि कमरेवर हात घेतले.

“आवो, मग एक कण टाका की. चिमटीतला. देव काय दानं मोजत बसलाय का? नेमबी ऱ्हाईल आन् मासाबी ऱ्हाईल.”

हाच विचार कुसुमताईंना पहाटेपासून छळत होता. “त्याला एक कणही जड आहे, विठाबाई.”

“मग गुपचूप खाऊन घ्या. या उन्हाच्या टायमाला देवबी पडलेला असतोय जरासा.”

त्यांना हसू आलं, पण ओठ कोरडे असल्यानं ते नीट फुटलं नाही. विठाबाईंनी पुन्हा पाहिलं. “शुगर हाय न्हवं तुमाला? औषीद घेतलाव?”

“घेतलं.”

“उपाशीपोटी?”

त्यांनी टाकीकडे पाहिलं.

“मला मुरुडला जायचंय लेकीकडं, गाडीचा टाइम झालाय, न्हाईतर बसून पाजलं असतं,” विठाबाई दाराकडे जात म्हणाल्या. “ताक हितंच ठेवते. प्यालाव तर मी बघितलं न्हाई, आन् न्हाई प्यालाव तर सुनेला फोन करून सांगते. काय करायचं ते करा.”

दार लागलं. ताकावर जिरं तरंगत होतं. त्याचा वास त्यांना बसल्या जागी येत होता. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मिहिरला फोन लावला. नुसता आवाज ऐकावा म्हणून. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. पुन्हा लावला. तेच. कामावर रेंज नसते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातून चारदा हेच व्हायचं. पण नेम मोडायचा विचार करत असलेल्या आईला ते आजच ऐकू यावं, हे काही बरोबर वाटेना. मोटरसायकलवर असेल. उन्हाचं. खडीवरून.

हातांना आपण काय करतोय ते कळायच्या आत त्यांनी परातीत कणीक घेतली. मळली. गोळ्या वळल्या. वाटी घेऊन त्या टाकीशी आल्या.

जुळ्या धावत आल्या. हवालदार आला. कडेला मोदकचं उताणं अंग हललं. वरच्या सावलीकडे तोंड करायचं म्हणून त्यानं सगळा जोर एका परावर आणला, अर्धा वळला, आणि तोंड उघडून धरलं. उपाशी होता तोही. मागत होता.

कुसुमताईंच्या चिमटीत एक गोळी होती. रामाचं नाव घेऊन झालं होतं. हात पाण्यावर होता. एवढी सोडली की आपलं पोरगं सुखरूप, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला त्या उघड्या तोंडाखेरीज काही दिसत नव्हतं. ज्या पोरासाठी त्या घाटावर उभ्या राहिल्या होत्या, त्यालाही डॉक्टरांनी तेव्हा पाण्याचा थेंब द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते पोरही तापात असंच ओठ हलवत होतं. त्या रात्रभर ते ओठ पाहत बसल्या होत्या. दिलं नव्हतं.

त्यांनी गोळी परत वाटीत टाकली आणि वाटी दूर सारली.

तेवढ्यात पंख्याची घरघर मंदावली आणि थांबली. टाकीतले बुडबुडे थांबले. बुडबुड्यांचा आवाज इतके दिवस कानाला जाणवतही नव्हता; तो बंद पडल्यावर घर एकाएकी मोकळं मोकळं वाटू लागलं.

वैशाखातली दुपार. बंद खोली. पाणी आधीच कोमट. त्यांनी न्हाणीतला मग घेतला, टाकीतलं पाणी उचललं आणि वरून धार धरली. पुन्हा उचललं, पुन्हा धार. देवावर अभिषेक करताना धार तुटू द्यायची नसते, ही हाताची सवय कामी आली. त्या नाम घेत राहिल्या आणि धार सोडत राहिल्या. थोड्या वेळानं नाम मागे पुढे होऊ लागलं. कपाळावर घाम आला, तो उन्हाचा नव्हता, गार होता. हवालदाराचे दोन डोळे चार दिसायला लागले. खांदा दुखत होता की नव्हता, तेही कळेना. हातातला मग निसटून टाकीत पडला आणि चारही मासे फुटल्यासारखे पांगले. मोदक भिंगरीसारखा फिरला.

त्या काचेला धरून खाली बसल्या. फोन वाजत होता. बराच वेळ वाजत असावा.

“आई? विठाबाईंचा फोन आला होता. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत म्हणत होत्या. त्यांना काय कळतं म्हणून मी—आई, आवाज का येत नाहीये तुमचा?”

“लाइट गेलीय,” कुसुमताई म्हणाल्या. जीभ जड झाली होती. “पाणी सोडत होते. हातातला मग पडला. भार्गवी, मोदकला कणीक मी घातली.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू गेलीस त्याच दिवशी. नेमाची. विहीर उपसली होती गं. तू विचारलंस तेव्हा मी दाण्यांचं सांगितलं आणि कणकेचं गिळलं.” मग त्यांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. घाट, ताप, चार वर्षांचा मिहिर, न लागलेला फोन.

“मिहिरचा मला दुपारीच मेसेज आला होता. रेंजमध्ये येऊन चहा पिऊन गेला तो.” भार्गवीचा आवाज सपाट होता. “आई, मी चिडलेय. ते मी घरी आल्यावर बघते, आत्ता वेळ नाही. साखरेचा डबा कुठे आहे?”

“तो ओट्यावर आहे, पण—”

“तुम्ही आजारी असायचात तेव्हा माशांना गोळ्या कोण घालायचं?”

कुसुमताईंना प्रश्न पोचायला वेळ लागला. “सासूबाई घालायच्या. अडचणीच्या दिवसांतही त्याच. त्या गेल्यावर मिहिरचे बाबा.”

“म्हणजे दुसऱ्यानं घातलं तरी चालतं.”

“घरच्याच हातानं लागतं.”

“बरं.” भार्गवी म्हणाली. “मी कुणाच्या घरची आहे, आई?”

त्यांच्या डोळ्यांपुढचा अंधार दाट होत होता. त्यात हा प्रश्न अगदी स्वच्छ ऐकू आला. “तुझा विश्वास नाही ना गं अशा गोष्टींवर.”

“नाही. विश्वास लागतो की कणीक लागते?”

“कणीक.”

“मग मी नांदेडातच बसलेय. नदी आहे, घाट आहे. कोणता घाट?”

“गोवर्धन घाट. पण भार्गवी, आधी त्यांच्या तोंडात पडू दे, मग मी—”

“तेवढा वेळ तुमच्यापाशी नाही.” आवाज पहिल्यांदाच हलला. “हे बघा, मी शब्द देते. माशांना घातल्याशिवाय मी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही. तुमचा उपास इथून पुढे माझ्याकडे. आता तो तुमचा नाही. उठा.”

उपास असा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो की नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण बोलणारीनं नुसता उपास मागितला नव्हता. त्या काचेला धरून उठल्या, भिंतीला धरून ओट्याशी गेल्या, डबा उघडला आणि मूठभर साखर तोंडात घातली. दात एकमेकांवर वाजले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“खाल्ली?”

“खाल्ली.”

“आता विठाबाईंचं ताक. सगळं. मी खालच्या वॉचमनला वर पाठवतेय, तो पाणी सोडेल. तुम्ही मगाला हात लावायचा नाही. मोदक कसा आहे?”

त्यांनी टाकीकडे पाहिलं. “उलटाच आहे. कल्ले हलताहेत.”

“हं,” भार्गवी म्हणाली. एवढंच. मग, “फोन ठेवू नका. चालूच राहू द्या.”

कुसुमताई फोन कानाला धरून जमिनीवर बसल्या, मांडीवर ताकाचा तांब्या. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी विचारलं, मॅडम, चहा आलाय, चाललात कुठे. “नको मला चहा,” भार्गवी म्हणाली. मग पावलं, भांड्यांचा खणखणाट, बहुतेक मेसचं स्वयंपाकघर असावं. “मावशी, मळलेली कणीक असेल का थोडी? नाही, भाजून नको. तशीच द्या. मूठभर पुरे.” काहीतरी कागदात बांधल्याची कुरकुर झाली. कुणीतरी हसलं, तीही दोन शब्द बोलली, ते ऐकू आले नाहीत.

मग जिना. मग रस्ता, हॉर्न, आणि एका रिक्षावाल्याशी तिचं बोलणं, चढ्या आवाजात नव्हे, वर्गातलंही नव्हे. “गोवर्धन घाट. अगदी पाण्यापर्यंत जातो ना तो रस्ता?”